आत्तींच्या नाकातला धूर

"आधी मला सांग, माझ्या नाकात काय घालणार हायस?"

आत्तींनी खुर्चीचे दोन्ही हात गच्च धरले होते. पदर डोक्यावर, नजर ट्रेमधल्या ब्रशवर. काडीएवढा ब्रश, टोकाला चार केस. कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई हसू दाबत हातमोजे चढवत होत्या.

"एकदाच फिरवायचा, आत्ती. गुदगुल्या होतात फक्त," मी म्हणाले.

"गुदगुल्या व्हय? मग तुझ्या नाकात घाल की."

"माझ्या नाकात घालून झाला. संग्रामच्यापण."

"त्यो बोंबलला का?"

"खूप."

हे ऐकून त्यांना एकदम बरं वाटलं. मान मागं टाकून म्हणाल्या, "घाला हो डॉक्टरीणबाई. माझं नाक साफ हाय. जल्मात धूर आत घेतला न्हाई." आणि ब्रश आत जाताच अशा काही शिंकल्या, की ट्रेमधला कापूस जमिनीवर गेला. बाहेरच्या बाकावरून गल्लीतल्या शालनकाकूंचा आवाज आला, "सत्य हाय!"

आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, अक्काताई मगदूम. मी पुसदची. आमच्याकडे सासूला आई म्हणतात, कोल्हापुरातल्या ह्या घरात आत्ती. पुण्याला एम.एस्सी. करताना मी संग्रामच्या प्रेमात पडले आणि त्याच्यामागोमाग इकडे आले. लग्न होऊन आठवडा-दोन आठवडे झाले असतील, मी पीएच.डी.चं काढलं, तर घरात सगळ्यांची तोंडं अशी झाली जणू मी दुसरं लग्न करते म्हणाले. चुलतसासरे म्हणाले, "आता शिकून काय करायचंय? झालंय की लगीन." आत्ती आत कणीक मळत होत्या. तशाच भरल्या हातांनी बाहेर आल्या. "शिकू दे तिला. मला शाळेतनं काढली तवा कुणी मधी पडलं न्हाई. मी पडालीय." विषय संपला. त्या दिवसापासून ह्या बाईसाठी मी काहीही करायला तयार होते.

माझा विषय ऐकून लोक जांभया द्यायचे, म्हणून मी तो सोपा करून सांगायची. तंबाखूच्या धुरातलं विष तेलकट असतं, पाण्यानं धुतलं जात नाही. मग श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरातल्या पेशी काही विकरं, म्हणजे एन्झाइम्स, कामाला लावतात. ती त्या विषाची छाटाछाट करतात, ते पाण्यात विरघळेल असं करतात, म्हणजे ते शरीराबाहेर जावं. पण अर्धवट छाटलेलं विष मूळ विषापेक्षा वाईट. ते जनुकांनाच जाऊन चिकटतं आणि कॅन्सरची सुरुवात तिथं होऊ शकते. ओढणाऱ्या माणसाच्या पेशीत ही विकरं सतत कामावर, न ओढणाऱ्याच्या पेशीत निवांत. आता ह्यासाठी छातीत नळी घालून पेशी काढून घ्यायला कोण तयार होणार? पण नाकाचं अस्तरही धुराला जवळपास तसंच वागतं. म्हणून नाक.

आत्तींना हे मी भाकरी थापता थापता सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे भांडं स्वच्छ करायला घेतलं आणि घासतानाच हात कापला म्हण की." माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात ह्यापेक्षा जास्त काही नव्हतं.

ओढणारे मिळायला अडचण नव्हती. फाउंड्रीतले कामगार चहाच्या एका कपावर नाक पुढं करायचे. न ओढणारे मिळेनात. ज्याला व्यसन नाही त्याला नाकात ब्रश घालून घ्यायची हौस कुठून असणार? मी रडकुंडीला आले तेव्हा आत्तींनी भजनी मंडळात जाहीर केलं, "प्रत्येकीनं नाक द्यायचं." आणि बाप्पा, रिक्षा भरभरून आल्या बायका! मी एकेकीला विचारलं, विडी ओढता? सिगारेट? तंबाखू खाता? गुटखा? एकेकीनं कानाला हात लावले. आत्तींनी तर शेवटचा प्रश्न पुरा होऊ दिला नाही. सासरे मी ह्या घरात यायच्या आधी गेले होते, विडीच्या खोकल्यानं. त्यांच्या खिशातल्या विड्या काढून चुलीत घालण्यात आत्तींची अर्धी हयात गेली होती.

त्यामुळं पहिला निकाल हातात आला तेव्हा मी चुकून दुसऱ्याच कुणाचा रकाना बघते आहे असं मला वाटलं.

आम्ही पेशींमधून निघालेला माल जेलच्या पातळ थरावर चालवायचो आणि अतिनील दिव्याखाली धरायचो. पेशीनं त्या विकराची मागणी लावलेली असेल तर त्या माणसाच्या रकान्यात चमकता पट्टा दिसायचा, नसेल तर रकाना काळा. भजनी मंडळाचे सगळे रकाने काळे. शालनकाकू काळ्या, माझा काळा, संग्रामचा काळा. मध्येच एक पट्टा, दिवाळीतल्या फुलबाजीसारखा. आत्तींचा.

माझे मार्गदर्शक डॉ. हेरवाडकर मागं येऊन उभे राहिले. सर कमी बोलायचे, आणि बोलले की नसते बोलले तर बरं होतं असं वाटायचं.

"हा नमुना कुणाचा?"

"माझ्या सासूबाईंचा, सर."

"ओढतात."

"नाही सर. त्यांना विडीचा इतका तिटकारा आहे की..."

"ओढतात. आणि कधीमधी नाही. हा पट्टा फाउंड्रीवाल्यांच्या पंगतीत बसेल." त्यांनी चष्मा काढून पुसला. "माणूस खोटं बोलतं, मॅडम. पेशीला ते जमत नाही. 'माहिती खोटी दिली' असा शेरा मारा, नमुना वगळा आणि दिवाळीच्या आत प्रबंध देऊन टाका."

"आणि त्या खरं बोलत असतील तर?"

"तर धूर कुठून आला ते दाखवा. नाही दाखवता आलं तर शेरा."

घरी आले ती पाय ओढत. जेवण झाल्यावर संग्रामला माजघरात गाठून सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग माझं तोंड बघून गंभीर झाला.

"अगं, वगळून टाक की. तिला कुठं कळणार आहे?"

"पण शेरा काय मारायचा? आत्ती खोटारड्या आहेत?"

"नाव थोडंच असतंय प्रबंधात? नंबर असतोय."

"मला माहीत आहे ना तो नंबर कुणाचा ते. मला शिकू दे म्हणणारी ह्या घरात ती एकटी होती, संग्राम. तूसुद्धा गप्प बसला होतास."

तो पुन्हा गप्प बसला. त्याबाबतीत माणूस पक्का होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले. कसं विचारावं ह्याची रात्रभर तयारी केली होती, ती सगळी विसरले.

"आत्ती, तुम्ही विडी ओढता का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या, सुपातले शेंगदाणे सांडले. "आगं बया! ह्या वयात?" मग माझ्या तोंडाकडं बघून त्यांचं हसू हळूहळू उतरलं.

"कोण म्हणालंय आसं?"

"कुणी नाही. तुमच्या पेशी म्हणतायत."

"पेशीला काय तोंड हाय? तुझा सर म्हणालाय. मला खोटारडी म्हणालाय का त्यो?"

मी सांडलेले शेंगदाणे गोळा करायला लागले.

"हे बग परतिभा. तुझ्या मामंजींच्या विडीनं माझं घर खाल्लं. मी विडी हातात धरली ती मोडायला. तोंडात न्हाई. तुला पटतंय का न्हाई, तेवढं सांग."

"पटतंय."

"मग तुझ्या सराला सांग, ह्यो शेंगदाणा निवडून झाला की मी यालीय. घाल म्हणावं परत बुरूस."

परत ब्रश घातला. पट्टा परत आला. मी प्रयोगशाळेत डोकं धरून बसले. सरांनी विचारलंही नाही, फक्त जाता जाता जेलकडं बघितलं आणि भुवई वर केली.

मग मी धूर शोधायला निघाले. स्वयंपाक गॅसवर. उदबत्ती रोज एकच, ती मी लावायची आणि माझा रकाना तर काळा. आंघोळीच्या पाण्याचा बंब मागच्या पडवीत, तो संग्राम पेटवायचा आणि त्याचा रकानाही काळा. शेजारी भट्टी नाही, बेकरी नाही. एकदा तर मी आत्तींचं लुगडं वाळत घालताना हुंगलं. संग्राम दारातून बघत होता. म्हणाला, "तुझा प्रबंध व्हायच्या आधी तुला दवाखान्यात घालायला लागणार."

महिना गेला. सर दिवाळीची आठवण करून देत होते. मी शेरा मारत नव्हते आणि धूरही सापडत नव्हता. आत्ती रोज संध्याकाळी विचारायच्या, "काय म्हणालंय माझं नाक?" आणि मी म्हणायची, "बघतेय."

मग एका मंगळवारी भारनियमनाचं वेळापत्रक बदललं. सकाळीच प्रयोगशाळेची वीज गेली आणि सरांनी सगळ्यांना घरी पिटाळलं. प्रयोगशाळा सुरू झाल्यापासून कामाच्या दिवशी मी भरदुपारी घरी अशी कधी आलेच नव्हते. गल्लीत शिरले तर नाकाला काहीतरी झोंबलं. दार उघडंच. आत कुणी नाही. मागच्या परड्यात आले आणि खोकल्याची उबळ आली.

तीन दगडांची चूल. तिच्यावर लोखंडी तवा, तव्यावर कसलीतरी पानं जळून काळी होत होती आणि वर निळसर धुराचा नुसता ढग. ढगात आत्ती, उलथनं हातात, तव्यावर वाकलेल्या. पदर नाकाला लावलेला, पण उलथायची वेळ आली की तो सुटायचा.

"आत्ती! हे काय?"

"आलीस व्हय? बाजूला हो, ठसका लागंल."

"काय भाजताय तुम्ही?"

"मिश्री की."

पितळी डबीतली ती काळी भुकटी मी पहिल्या दिवसापासून बघत होते. सकाळी आत्ती तर्जनीनं दात घासत बसायच्या, तासभर. मला वाटायचं दुकानातून आणतात, कोळशाचं दंतमंजन असावं. आमच्या पुसदकडं मी असलं काही पाहिलं नव्हतं.

"कशाची असते मिश्री?"

आत्तींना माझी कीव आली. "कशाची म्हंजे? तंबाकूची. पानं भाजायची, काळी झाली की कुटायची."

"तंबाखू?" मी किंचाळलेच. "आत्ती, मी विचारलं होतं ना, तंबाखू?"

"खाता का म्हणून इचारलंस. आमी कुठं खातोय? ही मिश्री. दात घासायची."

"आणि गल्लीतल्या सगळ्या?"

"समद्या लावत्यात. पण भाजायचं मीच. माझ्यासारखी भाजणी कुणाला जमत न्हाई. दर मंगळवारी अख्ख्या गल्लीची करते." हे बोलताना त्यांच्या तोंडावर असा काही अभिमान होता, की मला त्यांना मिठी मारावी की तवा पालथा करावा हे कळेना. मी मिठी मारली. नाचलेसुद्धा, त्या धुरात, खोकत खोकत. तेवढ्यात शालनकाकू आपली डबी भरून न्यायला आल्या आणि दारातच थबकल्या. "हिला काय दिवस गेलं का?" त्यांनी आत्तींना विचारलं.

"धूर सापडला, काकू! धूर!"

मग पायरीवर बसून मी आत्तींना समजावलं. पान विडीत जळो नाहीतर तव्यावर, जळतंय ते तेच, धूर तोच. तुम्ही ओढत नाही, पण त्या ढगात अर्धा दिवस वाकून बसता. नाकाला कुठं कळतंय विडीतला कुठला आणि तव्यावरचा कुठला? बाकीच्या बायका डबी भरून घेऊन जातात, धुरात थांबत नाहीत, म्हणून त्यांची नाकं शांत.

मी हे आनंदानं सांगत होते. चूल विझत आली होती, आत्ती तिच्याकडं बघत म्हणाल्या, "म्हंजे मी ओढालीच हुती की. त्यास्नी जल्मभर शिव्या घातल्या आणि मागल्या दारी मी हे कराली हुती."

माझं नाचणं तिथंच संपलं. मला इतकं वाईट वाटलं, की सांगता येत नाही. शालनकाकू पुढं होऊन म्हणाल्या, "काय बी काय बोलालीस अक्काताई? दात घासणं आणि विडी काय एक हाय का?" पण आत्तींनी तवा खाली घेतला होता.

सरांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीवरून उठले. खिडकीपर्यंत गेले, परत आले. "शक्य आहे," म्हणाले. "पण सिद्ध नाही. भाजणं थांबवा, बाकी आहे ते तसंच राहू द्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. श्रावण संपला की सगळ्यांचे नमुने परत घ्या."

म्हणजे घासणं चालू ठेवायचं, फक्त भाजणं बंद. मला ते रुचत नव्हतं, तोंडाच्या कॅन्सरचं मी बायकांना सांगूनही पाहिलं, त्या मान डोलवायच्या आणि डबी उघडायच्या. आत्तींनी मात्र गल्लीत दवंडी पिटवल्यासारखं सांगितलं, "आजपास्नं भाजणी बंद. आहे ती पुरवून वापरा. आणि माझ्या मागारी कुणी तवा धरला तर माझ्याशी गाठ हाय."

काय गोंधळ झाला म्हणता! बायकांनी आधी विनवण्या केल्या, मग रुसल्या. बाजारातली आणून बघितली, ती म्हणे नुसती राख. सकाळी डोकी धरून बसायच्या, नवऱ्यांवर खेकसायच्या. शुक्रवारी भजनात टाळ एकीकडं आणि मृदंग तिसरीकडं. संग्राम म्हणाला, "तुझ्या विज्ञानानं गल्ली उद्ध्वस्त केली." शालनकाकू भाजायला घेते म्हणाल्या, तर आत्ती त्यांच्यावर अशा ओरडल्या की समोरच्या घरातलं मांजर पळालं. "तुझं नाक काय वाटेवर पडलंय?"

श्रावण संपला. रिक्षा भरून पुन्हा नाकं आली. पुन्हा शिंका, पुन्हा "सत्य हाय". मी जेल दिव्याखाली धरला.

आत्तींचा रकाना काळा होता.

मी ओरडले. सर धावत आले, बघितलं, आणि त्यांचे दात मी पहिल्यांदाच बघितले. पण हसता हसता त्यांचं बोट पुढं सरकलं आणि एका रकान्यावर थांबलं. तिथं पट्टा होता. चांगला रुंद.

"हा कुणाचा?"

मी नंबर बघितला. शालनकाकू. पहिल्या खेपेला ज्यांचा रकाना काळा होता, त्या.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी मला बसवलं, चहा केला, लाडू दिला. विडी? नाही. तवा? "छे गं बाई. अक्काताई मला जित्ती सोडंल का?" माझ्याकडं न बघता म्हणाल्या, पण त्या कधीच कुणाकडं बघून बोलायच्या नाहीत. सर म्हणाले, "हा एक वगळा. बाकी सगळं सुंदर जमलंय." मी म्हणाले, "नाही सर. विचारलं, त्या नाही म्हणाल्या. आहे तसं लिहिणार." सरांनी कपाळावर हात मारला. "परीक्षक तुम्हाला फाडून खाईल." मी लिहिलं.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं, हे संग्राम घरी बोलून बसला. झालं! मी सभागृहात शिरले तर मागच्या दोन रांगा नऊवारी. आत्ती मधोमध, एका बाजूला शालनकाकू, दुसऱ्या बाजूला चिवड्याचा डबा. मुंबईहून आलेल्या परीक्षकांनी, डॉ. सबनिसांनी, त्या रांगांकडं जरा दचकूनच पाहिलं.

माझं सांगून झालं. डॉ. सबनिसांनी प्रबंध उघडला, आणि आवाज इतका गोड की मला घाम फुटला.

"ह्या एका बाईंवर तुम्ही अख्खं प्रकरण उभं केलंय. मला सोपा अर्थ दिसतो. बाई चोरून विडी ओढायच्या, बोभाटा झाल्यावर सोडली, पट्टा गेला. तव्याचा संबंध काय?"

"मी त्यांना विचारलं होतं, सर. त्या नाही म्हणाल्या."

"आणि ही दुसरी? आधी काहीच नाही, नंतर पट्टा. हिनं तवा धरलाच नव्हता, असं तुम्हीच लिहिता. म्हणजे धूर नसतानाही पट्टा येतो? मग तुमच्या सगळ्या प्रकरणाला अर्थ काय उरला?"

"त्यांनाही मी विचारलं होतं."

"हे उत्तर आहे?"

"माझ्याकडे एवढंच आहे, सर."

हेरवाडकर सर बुटांकडं बघत होते. इतक्या वर्षांचं काम डोळ्यांसमोर वाहून चाललं होतं आणि माझ्या मनात येत होतं, की आत्तींच्या देखत हे व्हायला नको होतं.

मागं खुर्ची वाजली.

"त्यो दुसरा पट्टा माझा हाय."

शालनकाकू उभ्या होत्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या आणि ह्यावेळी सरळ परीक्षकांकडं बघत होत्या.

"शालन, गप बस खाली," आत्ती कुजबुजल्या.

"न्हाई बसत. सायेब, मी भाजली मिश्री. माझ्या मागल्या खोलीत, दार लावून. बायका रडकुंडीला आल्या हुत्या, मला बगवंना. अक्काताईच्या भ्यानं खोटं बोलले. विडी न्हाई म्हटलं ते खरं. तवा न्हाई म्हटलं ते खोटं. ह्या पोरीला नापास करू नगा."

आत्ती तोंडाचा आ करून बघत राहिल्या. डॉ. सबनीस पुढं वाकले. "खिडकी उघडी होती?"

"ती बी लावली हुती. वास गल्लीत गेला आसता."

त्यांनी भराभर पानं उलटली, दोन्ही छायाचित्रं शेजारी शेजारी धरली आणि हसायला लागले. अगदी खांदे हलवून. "तरीच हिचा पट्टा रुंद! बाई, तुम्ही ह्यांचा सगळ्यात चांगला प्रयोग केलात, आणि ह्यांनाच सांगितला नाहीत. एकीनं तवा सोडला, पट्टा गेला. दुसरीनं तवा धरला, पट्टा आला. आता मला काय विचारायचं शिल्लक आहे?"

"मला बोलायचं शिल्लक हाय." आत्ती उठल्या होत्या. "पयला पट्टा माझा. मी हिची सासू. ह्या सरांनी हिला सांगितलं हुतं, सासू खोटारडी म्हणून लिव आणि मोकळी हो. माझ्या पोटच्या पोरानं बी सांगितलं, वगळ म्हणून. माजघरात बोलाले हुते, मी आतनं समदं ऐकलं." संग्रामनं खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. "हिनं न्हाई लिवलं. दुसऱ्या दिशी माझ्यासमोर येऊन बसली आणि तोंडावर इचारलं. माझ्या आख्ख्या जल्मात मला कुणी आसं इचारून, माझं ऐकून घेतलं नव्हतं. म्हणून मी परत नाक देऊन टाकलं. मागितला आसता तर गळा बी दिला आसता."

त्या परीक्षकांकडं वळल्या.

"आता एक इचारते. ह्या शालनचं नाक जाग्यावर येईल न्हवं?"

परीक्षकांनी माझ्याकडं हात केला. उत्तर मी द्यायचं होतं.

"विकरं शांत होतील, आत्ती. तुमची झाली तशी. आधी काही चिकटून बसलं असेल तर त्याचं मला सांगता येत नाही. शालनकाकूंचं नाही, तुमचंही नाही."

आत्ती शालनकाकूंकडं वळल्या. मला वाटलं, आता काकूंची धडगत नाही. पण आत्तींनी त्यांचा हात नुसता हातात घेतला आणि सोडला नाही.

हेरवाडकर सर उठून मागच्या रांगेपर्यंत चालत गेले. "अक्काताई, माझं चुकलं. मी तुम्हाला..."

"ते ऱ्हाऊ दे. पोरगी पास का नापास?"

"पास," डॉ. सबनीस इकडून म्हणाले.

बायकांनी टाळ्यांचा असा काही दणका दिला, की शिपाई दार उघडून बघून गेला. चिवड्याचा डबा उघडला गेला, आधी परीक्षकांच्या हातावर चिवडा पडला. मी आत्तींकडं पोचले तर त्यांनी पदर तोंडाला लावलेला. ह्या बाईला मी रडताना कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मला आधी कळलंच नाही.

"आत्ती, रडताय कशाला? पास झाले ना मी."

"तू गप गं," त्या म्हणाल्या. "तू एकटी पास झालीस व्हय?"